बुद्धिबळातील राजाची चाल व मारण्याचा अधिकार : नियम, भूमिती आणि तर्क

सारांश

बुद्धिबळाच्या पटावर राजा हे सर्वांत महत्त्वाचे मोहरे असूनही त्याची चाल एका घरापुरती मर्यादित आहे. ‘राजा कोणत्याही दिशेने एक घर चालतो’ हे वाक्य प्रत्येक नवशिक्या खेळाडूस प्रथम शिकविले जाते. मात्र ते अपुरे आहे. राजाने कोठे जावे यापेक्षा त्याने कोठे जाऊ नये, हाच या नियमाचा गाभा होय. प्रस्तुत लेखात राजाची चाल, त्याचा मारण्याचा अधिकार, शहाचे निवारण, किल्लेकोट, राजांची आमनेसामने स्थिती आणि कोंडी या बाबींचा एका सूत्रात विचार करण्यात आला असून त्यासाठी प्रत्यक्ष डावांतील उदाहरणांचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : बुद्धिबळ, राजा, शह, मात, जोर, किल्लेकोट, कोंडी.

प्रस्तावना

बुद्धिबळ या खेळाचे मूळ प्राचीन भारतातील ‘चतुरंग’ या खेळात असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. भारतातून इराणात, तेथून अरब जगतात आणि पुढे युरोपात असा या खेळाचा प्रवास झाला. या प्रवासात अनेक मोहऱ्यांच्या चाली बदलल्या. आजचा बलाढ्य वजीर पूर्वी केवळ तिरके एक घर चालत असे. उंटाची आजची लांब पल्ल्याची चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रूढ झाली. राजाची मूळ चाल मात्र या सर्व स्थित्यंतरांत टिकून राहिली. चालुक्य नृपती सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात चतुरंगक्रीडेचे वर्णन आढळते. त्या काळापासून आजपर्यंत राजा हा शेजारच्या घरात पाऊल टाकणारा, सावध असा पटाचा स्वामी राहिला आहे.

मराठीत रूढ असलेले ‘शह’ आणि ‘मात’ हे शब्द फारसीतून आले आहेत. ‘शाह’ म्हणजे राजा. ‘शह’ हा राजाला दिलेला इशारा होय. ‘मात’ म्हणजे राजा निरुपाय झाल्याची अवस्था. या दोन शब्दांतच खेळाचे तत्त्व सामावलेले आहे. राजाला मारावयाचे नसते, तर त्याला निरुपाय करावयाचे असते. बुद्धिबळात बत्तीस मोहऱ्यांपैकी तीस मोहरी मारली जाऊ शकतात. दोन राजे मात्र अखेरपर्यंत पटावर राहतात.

राजाची मूळ चाल

राजा उभ्या, आडव्या किंवा तिरक्या अशा कोणत्याही दिशेने लगतच्या एका घरात जाऊ शकतो. पटाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या राजाला अशी आठ घरे उपलब्ध असतात. तो कडेला असल्यास पाच आणि कोपऱ्यात असल्यास केवळ तीन घरे उरतात. पटाच्या चौसष्ट घरांपैकी छत्तीस घरे आतील, चोवीस कडेची आणि चार कोपऱ्यांची आहेत. त्यावरून रिकाम्या पटावर राजाच्या एकूण संभाव्य चालींची संख्या पुढीलप्रमाणे काढता येते : ३६ × ८ = २८८, २४ × ५ = १२० आणि ४ × ३ = १२; एकूण ४२०. म्हणजे प्रत्येक घरामागे सरासरी सुमारे साडेसहा चाली. याच रीतीने गणना केल्यास घोड्याच्या चाली ३३६, म्हणजे सरासरी सव्वापाच भरतात. ‘दुबळा’ समजला जाणारा राजा आपल्या निकटच्या परिसरात घोड्यापेक्षा अधिक घरांवर ताबा ठेवतो, ही बाब लक्षणीय आहे.

डावाच्या प्रारंभी मात्र राजाला एकही चाल नसते. ई१ या घरात उभ्या असलेल्या पांढऱ्या राजाच्या भोवतालची पाचही घरे त्याच्याच वजिराने, उंटाने आणि तीन प्याद्यांनी व्यापलेली असतात. स्वतःच्या मोहऱ्याच्या घरात जाण्याची मुभा कोणत्याच मोहऱ्याला नाही. राजाही त्यास अपवाद नाही.

मर्यादेचे सूत्र

राजाच्या चालीस एक मूलभूत बंधन आहे. प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही मोहऱ्याचा मारा असलेल्या घरात राजाला जाता येत नाही. हे बंधन सोपे वाटते. परंतु त्यातून उद्भवणाऱ्या दोन प्रसंगी नवशिक्यांची हमखास चूक होते.

पहिला प्रसंग मागे सरण्याचा. समजा, पांढरा राजा ई४ वर आहे आणि ई८ वरील काळ्या हत्तीने त्याला शह दिला आहे. राजा ई३ वर सरकला तर सुटेल असे प्रथमदर्शनी भासते, कारण सध्या हत्तीचा मारा राजापाशी येऊन थांबलेला दिसतो. प्रत्यक्षात राजा ई४ सोडताच तो मार्ग मोकळा होतो आणि मारा ई३ पर्यंत पोचतो. राजा स्वतःच्याच आड लपू शकत नाही.

दुसरा प्रसंग जखडलेल्या मोहऱ्याचा. समजा, काळा राजा ई८ वर, काळा घोडा ई६ वर आणि पांढरा हत्ती ई१ वर आहे. मधला घोडा हलला तर काळ्या राजावर हत्तीचा मारा येतो; म्हणून घोड्याला हलता येत नाही. अशा वेळी सी३ वरील पांढऱ्या राजाने डी४ वर जावे काय? डी४ वर घोड्याचा मारा आहे, परंतु घोडा तर जखडलेला आहे. तरीही नियमाचे उत्तर नकारार्थी आहे. जखडलेले मोहरेही शह देते आणि घरांवर मारा ठेवते. यामागील तर्क असा की, राजा मारला जाणे हा डावाचा शेवट मानला, तर घोडा आधी पांढऱ्या राजाला मारेल आणि हत्तीची पाळी येणारच नाही. राजाला प्रत्यक्ष मारण्याची चाल आज नियमात नाही. मात्र तिची छाया प्रत्येक नियमावर पडलेली आहे.

राजाचा मारण्याचा अधिकार

राजा जसा चालतो तसाच मारतो. प्याद्याप्रमाणे त्याची चालण्याची व मारण्याची दिशा वेगळी नाही. लगतच्या घरातील प्रतिस्पर्ध्याचे मोहरे तो मारू शकतो; अट एवढीच की त्या मोहऱ्याला दुसऱ्या कोणत्याही मोहऱ्याचा जोर नसावा. जोर असलेले मोहरे मारल्यास राजा मारा असलेल्या घरात जाऊन पडेल, आणि ते निषिद्ध आहे. म्हणजे मारण्याचा नियम हा स्वतंत्र नियम नसून वर सांगितलेल्या मर्यादेचाच एक भाग आहे.

याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे नवशिक्यांवर होणारी चार चालींची मात. पांढऱ्याचा उंट सी४ वर आणि वजीर एच५ वर येतो. काळ्याचे दुर्लक्ष झाल्यास वजीर एफ७ वरील प्यादे मारून मात करतो. हा वजीर काळ्या राजाच्या अगदी लगत उभा असतो. सी४ वरील उंट नसता, तर राजाने तो वजीर सहज मारला असता. उंटाच्या जोरामुळे एफ७ हे घर राजाला बंद होते. जोर नसलेला वजीर राजाच्या हाती लागतो. जोर असलेला वजीर राजाचा अंत करतो.

राजा शह देऊ शकतो काय, असाही प्रश्न विचारला जातो. दोन राजे कधीही लगतच्या घरांत येऊ शकत नाहीत, कारण तसे करताना चाल करणारा राजा स्वतःच दुसऱ्याच्या माऱ्यात जातो. त्यामुळे राजा थेट शह देऊ शकत नाही. वर काढलेल्या ४२० या संख्येचा येथे एक उपयोग होतो. दोन राजे पटावर मांडण्याचे एकूण ६४ × ६३ = ४०३२ प्रकार संभवतात; त्यांतून राजे लगत येणारे ४२० प्रकार वजा केले असता नियमानुसार शक्य असे ३६१२ प्रकार उरतात.

परंतु राजा बाजूला सरून आपल्यामागील मोहऱ्याचा शह उघड करू शकतो. १९१२ साली लंडन येथे एडवर्ड लास्कर आणि जॉर्ज थॉमस यांच्यात झालेला डाव याचे विलक्षण उदाहरण आहे. लास्करने एच७ वर आपला वजीर बळी दिला. त्या घरातील वजिराला त्या क्षणी जोर नव्हता, म्हणून काळ्या राजाने तो मारला. लगेच घोड्याच्या चालीने घोडा व उंट अशा दोन मोहऱ्यांचा एकाच वेळी शह बसला. त्यानंतर शहामागून शह घेत काळा राजा जी८ पासून सात चालींत थेट जी१ पर्यंत, म्हणजे प्रतिपक्षाच्या पहिल्या ओळीपर्यंत, ओढला गेला. अखेरची चाल पांढऱ्या राजाची होती. तो ई१ वरून डी२ वर सरकला, ए१ वरील हत्तीचा मार्ग मोकळा झाला आणि मात झाली. एका राजाने मारलेला वजीर आणि दुसऱ्या राजाने टाकलेले एक पाऊल यांच्यामध्ये हा सारा डाव सामावला आहे.

शहाचे निवारण

शह बसल्यावर तीनच मार्ग उरतात : राजाने सुरक्षित घरात जाणे, शह देणारे मोहरे मारणे, किंवा मध्ये आपले मोहरे घालणे. घोड्याच्या शहात मध्ये मोहरे घालता येत नाही. दुहेरी शहात तर राजाला स्वतःच हलावे लागते. कारण एका चालीत दोन मोहरी मारणे वा दोन मार्ग अडविणे शक्य नसते. या तिन्हींपैकी एकही मार्ग उपलब्ध नसेल तर मात होते आणि डाव तेथेच संपतो.

शहाकडे दुर्लक्ष करून दुसरी चाल करणे ही नियमबाह्य चाल ठरते. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे १९२४ साली पॅरिस येथे स्थापन झालेल्या ‘फिडे’च्या नियमांनुसार प्रदीर्घ कालावधीच्या डावात पहिल्या नियमबाह्य चालीबद्दल प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे अधिक मिळतात, त्याच खेळाडूकडून दुसऱ्यांदा अशी चाल झाल्यास त्याचा डाव जातो. मात्र प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे मात करणे शक्य नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो.

हा प्रश्न केवळ नवशिक्यांचा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये रियाध येथे झालेल्या जागतिक अतिजलद अजिंक्यपद स्पर्धेच्या पहिल्या फेरीत मॅग्नस कार्लसनच्या हत्तीने एर्नेस्तो इनार्किएव्ह याच्या राजाला शह दिला. इनार्किएव्हने आपला शह न सोडविता घोड्याने उलट शह दिला. कार्लसनने ती चूक पंचांच्या नजरेस आणून न देता आपला राजा हलविला. त्यावर इनार्किएव्हने घड्याळ थांबवून कार्लसनचीच चाल नियमबाह्य असल्याचा दावा केला. प्रारंभी निर्णय इनार्किएव्हच्या बाजूने लागला. कार्लसनच्या तक्रारीनंतर मुख्य पंचांनी डाव पुढे चालू ठेवण्याचा आदेश दिला. इनार्किएव्हने खेळण्यास नकार दिल्याने गुण कार्लसनला मिळाला. स्वतःच्या राजाला शह असताना दुसऱ्याच्या राजाला शह देणे हे उत्तर होऊ शकत नाही, या प्राथमिक नियमावर जागतिक पातळीवरील एक गुण अवलंबून राहिला.

किल्लेकोट : एका घराच्या नियमाचा अपवाद

राजा एका चालीत दोन घरे जातो असा एकच प्रसंग आहे. तो म्हणजे कॅसलिंग अथवा किल्लेकोट. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडच्या घरात येतो. त्यासाठी राजा व तो हत्ती पूर्वी हललेले नसावेत, दोहोंमध्ये कोणतेही मोहरे नसावे, राजाला शह नसावा आणि राजा ज्या घरावरून जातो व ज्या घरात पोचतो त्यांवर प्रतिस्पर्ध्याचा मारा नसावा. किल्लेकोटात राजा कोणतेही मोहरे मारू शकत नाही.

येथेही बंधने राजाशी निगडित आहेत, हत्तीशी नव्हेत. हत्तीवर मारा असला तरी किल्लेकोट करता येतो. वजिराच्या बाजूस किल्लेकोट करताना हत्ती बी१ या मारा असलेल्या घरावरून गेला तरी चालते. १९७४ साली मॉस्को येथे अनातोली कार्पोव्हविरुद्धच्या आव्हानवीर निवड सामन्याच्या एकविसाव्या डावात व्हिक्टर कोर्चनॉयने हत्तीवर मारा असताना किल्लेकोट करता येतो काय, अशी विचारणा पंचांकडे केली होती. होकारार्थी उत्तर मिळाल्यावर त्याने किल्लेकोट केला आणि तो डाव जिंकला. अव्वल दर्जाच्या खेळाडूलाही जेथे खात्री करून घ्यावीशी वाटते, तेथे शाळकरी खेळाडूचा गोंधळ होणे स्वाभाविक मानावे लागेल.

राजाला डावातून एकदा विशेष उडी देण्याची कल्पना केवळ युरोपीय नाही. भारतातील देशी पद्धतीच्या खेळात किल्लेकोट नव्हता. अनेक ठिकाणी राजाला डावात एकदाच, शह बसण्यापूर्वी, घोड्याप्रमाणे अडीच घरे उडी मारण्याची सवलत होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळविषयक इंग्रजी ग्रंथ १८१४ साली मुंबईत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील मांडणी युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेली होती. देशी आणि पाश्चात्त्य नियमांची ही गाठभेट मुंबईच्या ग्रंथव्यवहारात इतक्या लवकर झाली होती. देशी पद्धतीत वाढलेल्या मीर सुलतान खानने १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली, ही घटना नियम बदलले तरी पटाची समज टिकून राहते याची साक्ष देते.

राजाची भूमिती

राजाच्या चालीचे आणखी एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात येत नाही. राजाला तिरके एक घर आणि सरळ एक घर यांसाठी सारखीच एक चाल लागते. त्यामुळे पटावरील अंतर पट्टीने मोजलेल्या अंतरापेक्षा निराळे असते. ए१ पासून ए८ पर्यंत राजाला सात चाली लागतात. ए१ पासून समोरच्या कोपऱ्यातील एच८ पर्यंतही सातच लागतात. कागदावर मात्र दुसरे अंतर पहिल्याच्या सुमारे १.४ पट आहे.

रिखार्ड रेटी याने १९२१ साली प्रसिद्ध केलेली रचना याच तत्त्वावर उभी आहे. पांढरा राजा एच८ वर व प्यादे सी६ वर. काळा राजा ए६ वर व प्यादे एच५ वर. चाल पांढऱ्याची. काळ्याच्या प्याद्याचा पाठलाग करण्यात पांढरा राजा दोन चालींनी मागे आहे. स्वतःच्या प्याद्यापासूनही तो दूर आहे. तरीही बरोबरी साधते. राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका चालतो. प्रत्येक पावलासरशी तो काळ्या प्याद्याच्या आणि आपल्या प्याद्याच्या एकदमच जवळ येतो. काळ्याने मध्ये बी६ वर येऊन सी६ वरील प्यादे मारले, तर राजा एफ४, जी३ असा वळून एच२ वर काळे प्यादे मारतो. काळ्याने प्यादे पुढे ढकलले, तर राजा डी६ वर येऊन आपल्या प्याद्याला साथ देतो आणि दोन्ही प्याद्यांचे वजीर होतात. एच८ पासून एच२ पर्यंत सरळ जाण्यास सहा चाली लागल्या असत्या. ई५ वरून वळसा घालूनही सहाच लागतात. वळसा फुकट पडतो आणि दुसरा हेतू साध्य होतो.

आमनेसामने स्थिती आणि कोंडी

राजे लगत येऊ शकत नाहीत, यातून अंतिम डावातील एक महत्त्वाचे तत्त्व निष्पन्न होते. दोन राजे एकाच पट्टीत मध्ये एक घर सोडून उभे असतील तर ज्याची चाल असेल त्याला बाजूस सरावे लागते. यास ऑपोझिशन असे म्हणतात. पांढरा राजा ई५ वर, प्यादे ई४ वर आणि काळा राजा ई७ वर असता चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. चाल पांढऱ्याची असेल तर अचूक बचावाने डाव बरोबरीत सुटतो. चाल करण्याची पाळी असणे हेच येथे तोट्याचे ठरते.

या बरोबरीची अखेर बहुधा पुढील स्थितीत होते : पांढरा राजा ई६ वर, प्यादे ई७ वर, काळा राजा ई८ वर आणि चाल काळ्याची. काळ्या राजाला पाच लगतची घरे आहेत. डी७ व एफ७ वर पांढऱ्या राजाचा मारा, डी८ व एफ८ वर प्याद्याचा मारा. ई७ वरील प्यादे मारावे तर त्याला राजाचा जोर. शह नाही, पण चालही नाही. ही कोंडी, म्हणजेच स्टेलमेट. आजच्या नियमांनुसार डाव बरोबरीत. या नियमाबाबत पूर्वी एकमत नव्हते. अरबी पद्धतीत कोंडी करणारा जिंकत असे, तर इंग्लंडमध्ये एके काळी तो हरत असे. आजचा नियम प्रस्तुत विवेचनाशी सुसंगत आहे. मात होण्यासाठी राजा निरुपाय असणे पुरेसे नाही. त्याच्यावर मारा असणेही आवश्यक आहे.

१९९१ साली टिलबर्ग येथे नायजेल शॉर्टने यान टिमनविरुद्ध पटावर बरीच मोहरी असतानाच राजा एच२, जी३, एफ४, जी५ असा चालवीत नेला व टिमनने डाव सोडला. सुरक्षिततेची खात्री असेल तर राजाही आक्रमक होऊ शकतो, याचे हे प्रसिद्ध उदाहरण होय. तथापि, तो अपवाद आहे. सामान्यतः मोहरी कमी झाल्यावर मारा असलेली घरे कमी होतात, राजाची घरे वाढतात आणि तेव्हाच तो लढाऊ मोहरा बनतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, राजाविषयीचे विविध नियम हे एकाच तत्त्वाची रूपे आहेत : राजा माऱ्यात जात नाही आणि माऱ्यात राहत नाही. जोर असलेले मोहरे न मारणे, राजांनी लगत न येणे, शह सोडविणे आणि किल्लेकोटाच्या अटी हे सर्व याच तत्त्वातून निघतात. मात व कोंडी यांतील भेदही त्यावरूनच स्पष्ट होतो. म्हणून शालेय व महाविद्यालयीन स्तरावर बुद्धिबळ शिकविताना ‘राजा एक घर चालतो’ या वाक्यास ‘मारा नसलेल्या’ हे दोन शब्द प्रथमपासूनच जोडणे उचित ठरेल. ‘राजा मारा नसलेल्या एका घरात चालतो’ एवढे ज्याला उमगले, त्याला उरलेले नियम पाठ करावे लागत नाहीत. ते त्याला पटावर बसल्या जागी सुचतात. ज्याला ते उमगले नाही, तो जिंकत आलेला डाव कोंडीत घालवितो किंवा नियमबाह्य चालीपायी हातचा गुण गमावतो.